काढ्यातलं औषध किती आणि पाणी किती?

लघवीला जळजळ होऊ लागली, कंबरेत कळ आली किंवा रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिनचा (किडनीने बाहेर टाकायच्या एका टाकाऊ द्रव्याचा) आकडा जरा वर दिसला, की आसपासचं कुणी ना कुणी एखादी वनस्पती सुचवतंच. गोखरू, पुनर्नवा, वरुण, पाषाणभेद, भुईआवळा, नाहीतर क्रॅनबेरीची गोळी. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि ‘माझा खडा यानेच पडला’ हा दाखलाही बहुतेक वेळा खोटा नसतो. खडा खरंच पडलेला असतो. तो कशाने पडला, एवढाच प्रश्न उरतो.

त्या प्रश्नाकडे जाण्याआधी ‘किडनीचा त्रास’ म्हणजे नेमकं काय, ते वेगळं करून घ्यायला हवं. बाटलीवर ‘मूत्रपिंड व मूत्रमार्गाच्या आरोग्यासाठी’ असं एका दमात छापलेलं असतं. प्रत्यक्षात ही दोन कामं आहेत आणि ती बिघडण्याच्या तऱ्हाही निराळ्या आहेत.

पहिलं काम गाळण्याचं. दोन्ही मूत्रपिंडांत मिळून साधारण वीस लाख सूक्ष्म गाळण्या असतात, त्यांना नेफ्रॉन म्हणतात. हृदय जेवढं रक्त बाहेर ढकलतं, त्यातला जवळपास पाचवा हिस्सा सतत इकडे येत असतो. दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला ९९ टक्के शरीर परत शोषून घेतं. राहिली ती दीड-दोन लिटर लघवी. मूत्रपिंडाचं खरं कसब या परत घेण्यात आहे. सोडियम किती ठेवायचं, पोटॅशियम किती सोडायचं, रक्त आम्लधर्मी होऊ द्यायचं नाही, हा हिशेब क्षणोक्षणी चालू असतो.

दुसरं काम वाहून नेण्याचं. मूत्रपिंडातून निघालेली लघवी पंचवीस-तीस सेंटिमीटर लांबीच्या, आतून जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद अशा मूत्रवाहिनीतून मूत्राशयात येते आणि तिथून बाहेर पडते. खडा अडकतो तो या अरुंद वाटेत. उन्हाळी लागते, सारखं जावंसं वाटतं, थेंब थेंब होते, हे सगळं बहुधा मूत्राशय आणि त्याच्या खालच्या भागाचं दुखणं.

या वाहत्या भागातल्या तक्रारी दुखतात, जळतात, माणसाला कळवळायला लावतात. गाळणाऱ्या भागाचा आजार मात्र वर्षानुवर्षं गप्प असतो. त्यामुळे ‘मला लघवीचा काही त्रास नाही, म्हणजे किडन्या ठणठणीत’ असं म्हणता येत नाही, आणि जळजळ होते म्हणजे किडनी खराब झाली असंही नाही.

लघवी भरपूर होणं आणि किडनी साफ होणं

मूत्रमार्गासाठी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच वनस्पती मूत्रल आहेत, म्हणजे त्या घेतल्यावर लघवी जास्त होते. चरकसंहितेत लघवी वाढवणाऱ्या दहा द्रव्यांचा एक गटच दिला आहे, त्यात गोखरू आणि पाषाणभेद दोन्ही आहेत. हा गुण कल्पनेतला नाही. पण त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष चुकतो.

लघवी वाढते तेव्हा गाळणीतून जास्त घाण बाहेर पडते असं नसतं. गाळलं तेवढंच जातं, फक्त परत शोषलं जाणारं पाणी आणि मीठ कमी होतं. क्रिएटिनिन, युरिया बाहेर टाकण्याची क्षमता ठरते ती किती नेफ्रॉन शाबूत आहेत यावर. गंमत म्हणजे मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या अनेकांना लघवी चांगली भरपूर होत असते, पाण्यासारखी स्वच्छ दिसते आणि रात्रीतून दोन-तीनदा उठावं लागतं. लघवी घट्ट करण्याची ताकद गेल्याचं ते लक्षण आहे. अशा माणसाला काढा घेऊन ‘आता किती मोकळी होतेय’ असं वाटलं, तर तो समाधान मानत असतो भलत्याच गोष्टीवर.

‘डिटॉक्स’ हा शब्द पाकिटावर दिसला की मी ते पाकीट खाली ठेवतो. कुठलं विष, किती होतं, घेतल्यावर किती उरलं, हे त्यावर कधीच लिहिलेलं नसतं.

आधी पाण्याचा हिशेब

काढा म्हणजे बऱ्यापैकी पाणी. चूर्ण असलं तरी ‘पेलाभर पाण्याबरोबर घ्या, दिवसभर भरपूर पाणी प्या’ ही सूचना असतेच. त्यामुळे वनस्पतीने काय केलं हे पाहायचं, तर आधी नुसतं पाणी काय करतं हे माहीत हवं. त्यावर नीट चाचण्या झालेल्या आहेत आणि त्या एकमेकींशेजारी ठेवल्या की बरंच उलगडतं.

१९९६ साली इटलीतल्या डॉक्टरांनी पहिल्यांदाच कॅल्शियमचा खडा झालेल्या १९९ जणांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना एवढं पाणी प्यायला सांगितलं की दिवसाला दोन लिटरहून जास्त लघवी व्हावी. बाकीच्यांना काहीच सांगितलं नाही. पाच वर्षांत पाणी पिणाऱ्या गटात सुमारे १२ टक्के लोकांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्या गटात २७ टक्क्यांना. औषध शून्य, आणि धोका निम्म्याहून कमी. आज मूत्रविकारतज्ज्ञ खडे होणाऱ्यांना रोज अडीच लिटर लघवी होईल इतकं पिण्याचा सल्ला देतात.

२०१८ साली वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि मुळात पाणी कमी पिणाऱ्या १४० स्त्रियांवर असाच प्रयोग झाला. ज्यांनी रोज दीड लिटर पाणी वाढवलं, त्यांना वर्षभरात सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, ज्यांनी वाढवलं नाही त्यांना ३.२ वेळा.

त्याच वर्षी कॅनडातली तिसरी चाचणी आली. हिच्यात मूत्रपिंडाचा जुना आजार असलेले ६३१ जण होते. निम्म्यांना जास्त पाणी प्यायला लावलं आणि वर्षभराने पाहिलं, तर मूत्रपिंडाचं काम दोन्ही गटांत जवळपास सारख्याच वेगाने घटलेलं. पाण्याने काही फरक पडला नाही.

म्हणजे वाहत्या भागाच्या तक्रारींत पाणी हेच जोरदार औषध आहे आणि गाळणाऱ्या भागाच्या आजारात त्याचा उपयोग दिसत नाही. वनस्पतींचं मूल्यमापन याच पायावर करावं लागतं. मुतखड्यावरच्या काढ्याने नुसत्या पाण्याहून जास्त काही साधलं का? आणि क्रिएटिनिन वाढलेल्या माणसाला तो देण्याला आधार काय?

खड्याचं श्रेय कुणाला

पाच मिलिमीटरपर्यंतचे मूत्रवाहिनीतले खडे तीनपैकी दोघांत आपोआप पडतात. पाच ते दहा मिलिमीटरच्या खड्यांतही निम्म्याच्या आसपास पडून जातात. याला काही दिवस ते काही आठवडे लागतात, आणि माणूस काढा नेमका त्याच काळात घेत असतो. शिवाय काढ्यासोबत पाणी वाढलेलं असतं. खडा पडला की तिघांनी मिळून केलेल्या कामाचं श्रेय एकट्या वनस्पतीला मिळतं.

याचा अर्थ वनस्पती निरुपयोगी आहे असा मी काढत नाही. गोखरू, वरुण आणि भुईआवळ्याच्या अर्काने प्रयोगशाळेत ऑक्झलेटचे (बहुतेक खडे ज्या क्षाराचे बनतात त्याचे) स्फटिक वाढण्याला अटकाव होतो, असं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. माणसांवरच्या चाचण्या मात्र लहान आहेत आणि त्यांचे निष्कर्ष एका दिशेला जात नाहीत. काचेच्या नळीतला अर्क थेट स्फटिकावर पडतो. पोटात घेतलेला काढा आतड्यातून, यकृतातून फिरून लघवीत किती उतरतो, हे वेगळंच गणित आहे.

‘खडा विरघळतो’ हा दावा तर खड्याची जात विचारल्याशिवाय ऐकूच नये. दहापैकी सात-आठ खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात आणि एकदा टणक झालेला असा खडा विरघळवणारं पोटात घेण्याचं औषध आजच्या घडीला नाही. यूरिक अॅसिडचा खडा मात्र लघवी अल्कधर्मी केली की खरोखर विरघळतो, त्यासाठी डॉक्टर सायट्रेट देतात. जंतुसंसर्गातून तयार होणारा खडा काढूनच टाकावा लागतो, नाहीतर जंतू त्याच्यात घर करून बसतात. म्हणून पडलेला खडा फेकू नये. लघवी बारीक गाळणीतून करावी, सापडलेला कण कोरड्या डबीत ठेवावा आणि तपासायला द्यावा. पुढचा खडा टाळायचा तर ही तपासणी कुठल्याही चूर्णाहून कामाची. आणि कॅल्शियमचा खडा म्हणून आहारातलं कॅल्शियम तोडू नये. आतड्यातलं कॅल्शियम अन्नातल्या ऑक्झलेटला तिथेच धरून ठेवतं, लघवीत उतरू देत नाही. मीठ कमी केलेलं जास्त उपयोगी.

जुन्या वैद्यांना याची मर्यादा ठाऊक नव्हती असं समजू नये. सुश्रुतसंहितेत मुतखड्याचे चार प्रकार सांगून असं स्पष्ट म्हटलं आहे, की खडा नवा असताना औषधाने जमतं, वाढला की शस्त्रच लागतं. त्या शस्त्रक्रियेची रीतही तिथे दिली आहे. हा विवेक आजच्या जाहिरातींत दिसत नाही.

जळजळ, क्रॅनबेरी आणि जंतू

मूत्राशयाच्या संसर्गात दहापैकी सात-आठ वेळा ई. कोलाय हा आतड्यातलाच जंतू असतो. त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतो. चिकटला नाही तर लघवीबरोबर वाहून जातो. क्रॅनबेरीतली काही विशिष्ट द्रव्यं या चिकटण्यातच अडथळा आणतात, आणि इथे वनस्पतीची बाजू बरीच भक्कम आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली ५० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. वारंवार संसर्ग होणाऱ्या स्त्रियांत पुन्हा होण्याचा धोका साधारण २६ टक्क्यांनी आणि मुलांत निम्म्याहून थोडा जास्त कमी झालेला दिसला. वृद्धाश्रमातल्या वयस्कांत आणि गरोदर स्त्रियांत फायदा ठळक दिसला नाही.

हा फायदा पुढचा संसर्ग टाळण्याचा आहे. जंतू चिकटून वाढायला लागल्यावर, म्हणजे आग सुरू झाल्यावर, क्रॅनबेरीने तो बरा होतो असा पुरावा नाही. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरीन घेणाऱ्यांनी ती डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये. डी-मॅनोज ही साखरही याच कामासाठी खूप विकली जाते. तिची २०२४ साली ५९८ स्त्रियांवर मोठी चाचणी झाली आणि ती नकली औषधाहून (तुलनेसाठी दिलेल्या, दिसायला तशाच पण औषध नसलेल्या पुडीहून) सरस ठरली नाही.

साध्या संसर्गात चारांतल्या एकीला तरी अँटिबायोटिकशिवाय आपसूक बरं वाटतं, त्यामुळे इथेही काढ्याला फुकटचं श्रेय मिळत राहतं.

पुरुषांत साठीनंतर धार बारीक होते, ती बहुधा प्रोस्टेटमुळे. त्यासाठी सॉ पाल्मेटो या वनस्पतीचा अर्क जगभर खपतो. २००६ आणि २०११ च्या मोठ्या चाचण्यांत, अगदी तिप्पट मात्रेतही, त्याने नकली गोळीपेक्षा जास्त आराम दिला नाही. विषय संपला.

गाळणी बिघडलेली असताना

आता नाजूक भाग. मूत्रपिंडाचं काम मंदावलेल्या माणसाला वनस्पती दिली, तर ‘झाला तर फायदा, नाहीतर नुकसान काही नाही’ हे गृहीतक धरता येत नाही. काढ्यात पोटॅशियम उतरतं. निरोगी मूत्रपिंड ते सहज बाहेर टाकतं, दुबळं मूत्रपिंड साठवतं, आणि रक्तात पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम वाढवतात, म्हणजे दोन्हीकडून भर. ज्येष्ठमध उलट पोटॅशियम घटवतं आणि रक्तदाब चढवतं. लघवी होण्याची गोळी आधीच चालू असताना मूत्रल काढा घेतला, तर शरीर कोरडं पडून मूत्रपिंडाला रक्तच कमी पोचतं. प्रत्यारोपण झालेल्यांनी तर कुठलीही वनस्पती स्वतःच्या मनाने घेऊ नये. काही वनस्पतींमुळे अवयव टिकवणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी कोसळते.

याहून मोठा धोका वनस्पती ओळखण्यात होणाऱ्या चुकीचा. ब्रसेल्समधल्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यात १९९० च्या सुमारास गोळ्यांत दोन चिनी वनस्पती घालायला सुरुवात झाली. त्यातल्या एकीच्या जागी मिळत्याजुळत्या नावाची दुसरीच वनस्पती आली, अॅरिस्टोलोकिया कुळातली. धडधाकट तरुण स्त्रियांची मूत्रपिंडं महिन्या-वर्षांत निकामी होऊ लागली. १९९३ साली पहिला अहवाल छापून आला, पुढे रुग्णांचा आकडा शंभरावर गेला. मूत्रपिंडं आणि मूत्रवाहिन्या खबरदारी म्हणून काढून टाकलेल्या ३९ जणांपैकी १८ जणांत कर्करोग सापडल्याचं २००० साली जाहीर झालं. या कुळातलं अॅरिस्टोलोकिक आम्ल आज कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात आहे. ईश्वरी नावाने ओळखली जाणारी वेल याच कुळातली.

नावांची ही सरमिसळ आपल्या ओळखीच्या वनस्पतींतही आहे. पाषाणभेद म्हणून निदान तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. लहान गोखरू आणि मोठा गोखरू वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने निरनिराळे. पुनर्नवेच्या नावाखाली दिसायला तिच्यासारखं दुसरंच काही मिळू शकतं. वाळलेली मुळी कुटली की डोळ्यांनी फरक कळत नाही.

आणि बाटलीत वनस्पतीच असते असंही नाही. इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांची तपासणी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, त्यातल्या २१ टक्क्यांत शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. पाऱ्यामुळे लघवीतून प्रथिनं जाऊ लागण्याचा आजार होतो, म्हणजे किडनीसाठी घेतलेल्या औषधानेच किडनी जखमी. लेबल वाचताना म्हणून मी तीन गोष्टी शोधतो: प्रत्येक घटकाचं शास्त्रीय नाव, वनस्पतीचा कुठला भाग वापरला आहे, आणि प्रत्येकाचं स्वतंत्र वजन. ‘बारा वनौषधींचं मिश्रण, ५०० मिलिग्रॅम’ एवढंच लिहिलं असेल तर आत काय आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत.

‘पण क्रिएटिनिन उतरलं’

हा युक्तिवाद सगळ्यात बिनतोड वाटतो. मात्र क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. आजारपणात आणि कडक पथ्यात स्नायू झडले, मांसाहार बंद झाला, की गाळण्याचं काम तसूभर न सुधारताही आकडा खाली येतो. आदल्या वेळी अंगात पाणी कमी होतं आणि या वेळी पुरेसं आहे, एवढ्यानेही फरक पडतो. उलट बाजूने, निम्मं काम गेलं तरी क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या चौकटीत राहू शकतं. म्हणून दोन गोष्टी सोबत पाहाव्या लागतात: वय धरून काढलेला गाळण्याचा वेग, जो तीन महिन्यांहून जास्त काळ ६० च्या खाली असेल तर जुना आजार समजतात, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचं (एका प्रथिनाचं) क्रिएटिनिनशी प्रमाण, जे ३० च्या आत असावं. लघवीला फेस येऊन तो बराच वेळ बसत नसेल, किंवा नडगीवर बोट दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर ही दुसरी तपासणी आधी करावी.

वनस्पतीतून किडनीचं औषध निघालंच नाही असं मात्र नाही. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या मुळांच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याने लघवीतून साखर जाते हे पुढे कळलं. ते द्रव्य जसंच्या तसं पोटात घेऊन उपयोगाचं नव्हतं, नीट शोषलंच जात नव्हतं. त्याच्या धर्तीवर रसायनशास्त्रज्ञांनी घडवलेल्या औषधांपैकी एक म्हणजे डॅपाग्लिफ्लोझिन. २०२० साली चार हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत त्याने मूत्रपिंड निकामी होण्याचा वेग ठळकपणे कमी केला. मजेची गोष्ट अशी, की हे औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन बऱ्याचदा किंचित वाढतं आणि फायदा वर्षांनी दिसतो. पंधरा दिवसांत आकडा उतरवून दाखवणाऱ्या पुडीशी तुलना केली, तर खरं औषधच हरलेलं दिसेल.

तरीही एखादी वनस्पती घेऊन पाहायची असेल तर ती एकच घ्यावी, जाणत्या वैद्यांकडून, ठरावीक मुदतीपुरती, आणि सुरू करण्याआधी व काही आठवड्यांनी गाळण्याचा वेग आणि लघवीतलं अल्ब्युमिन या दोन्ही तपासण्या कराव्यात. चालू गोळ्या बंद करून नाही, आणि आपल्या डॉक्टरांपासून लपवून तर मुळीच नाही. शस्त्रक्रिया ठरली असेल तर वनस्पती घेतोय हे भूलतज्ज्ञांनाही सांगावं.

काही वेळा मात्र घरी काही करून पाहण्याइतकाही अवधी नसतो. कंबरेतल्या कळेबरोबर थंडी वाजून ताप, लघवी पूर्ण बंद होणं, उलट्यांमुळे पाणीही न टिकणं, एकच मूत्रपिंड असणाऱ्याला खड्याची कळ येणं, गरोदरपणात जळजळ. खडा अडकून त्यामागे पू साचला असेल तर काही तासांत जंतू रक्तात पसरतात, आणि तेव्हा नळी टाकून लघवीला वाट करून द्यावी लागते, तीही त्याच दिवशी.